सात नंबरचा वळसा

माझ्या मामाची गाडी बावीस फूट लांब होती आणि आमच्या गावात तिला वळता येईल अशी वळणं होती मोजून नऊ. मामाला ती तोंडपाठ होती. बाजारात कसं जायचं असं कुणालाही विचारा, तो सांगेल, इथून डावीकडे, मग उजवीकडे. मामा सांगायचा, "बाजारात जाता येत नाही." त्याच्या लेखी निम्मं गाव नव्हतंच.

गाडी म्हणजे लिमोझिन, पांढरीशुभ्र. गाव तिला लांबडी म्हणायचं. ती मुळात तेल कंपनीची. मोठे साहेब येतील तेव्हा त्यांना फिरवायला म्हणून कंपनीने ती जहाजाने मागवली होती. मोठे साहेब आले दोनदाच, आणि दुसऱ्यांदा तर त्यांना चक्क गाडी लागली. पुढे विहिरींतलं तेल आटलं, कंपनी गाशा गुंडाळून निघून गेली, आणि ती गाडी चालवणाऱ्या माझ्या मामाने लिलावात भंगारवाल्यांशी हमरीतुमरीवर येऊन ती स्वतःच घेतली. मामी म्हणाली, "घरात धड पलंग मावत नाही आणि हा माणूस आगगाडी घेऊन आलाय." दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मशीन काढून सीटांना नवी कव्हरं शिवायला बसली.

तेव्हापासून लांबडी भाड्याने जाऊ लागली. लग्नाला, शाळेच्या निरोप समारंभाला, कुणी निवृत्त झालं तर त्याला शेवटच्या दिवशी घरी सोडायला. दवाखान्यातून बाळ घरी आणायलाही लोक सांगायचे, म्हणजे गावातली काही मंडळी जगात आली ती थेट लिमोझिनमधून. बुकिंगचे फोन मी घ्यायचे आणि गाडीतही मीच जायचे, कारण मागचं दार आतून उघडत नसे. मी शाळेत होते तेव्हाच त्याची कडी मोडली होती. मामाला मूळ कंपनीचाच भाग हवा होता आणि ती कंपनी कधीच बुडाली होती. मग काय, बाहेरून दार उघडायला भाची. माझी मुलं शाळेत जायला लागली तरी मी आपली दारावरच.

आता त्या नऊ वळणांचं सांगते. तेल कंपनीने विहिरींकडे जाणारे रस्ते बांधले ते लांबलचक पाइप वाहून नेणाऱ्या ट्रेलरसाठी. म्हणून त्यांची वळणं ऐसपैस. बाकीचं गाव कंपनीच्या आधीचं, गल्लीबोळांचं. त्यामुळे नवरानवरीला लग्नाच्या हॉलमधून समोरच्या फोटोग्राफरकडे जायचं असलं, तरी लांबडी आधी गावाबाहेर पडायची, एकापासून अकरापर्यंत सगळ्या विहिरींवरून जायची आणि पाऊण तासाने फोटोग्राफरच्या दारात उभी राहायची. चालत गेलेले पाहुणे तोवर फोटो काढून घरी गेलेले असत. या पाऊण तासात प्रवाशांनी करायचं काय? तर मामाचं ऐकायचं. पुढच्या आणि मागच्या भागाच्या मधे काच होती, आणि मामाच्या हाताशी एक छोटा माइक. पहिली विहीर आली की तो घसा साफ करायचा, आणि गावाचा इतिहास सुरू.

एक नंबरच्या जागी म्हणे पिण्याच्या पाण्यासाठी खणत होते. पाणी लागलं, पण त्याला वास. बादलीत बघावं तर वर रंग तरंगतायत. एका म्हातारीने दिवसभर ते उपसून उपसून फेकलं, उद्या चांगलं येईल म्हणून. मग तीन पायांच्या दुर्बिणी घेऊन माणसं आली. दोन नंबरपर्यंत गावात तंबू लागले, तीन नंबरपर्यंत न्हाव्याच्या दुकानात एकाच्या सहा खुर्च्या झाल्या. कंपनीने कामगारांना घरं बांधून दिली, सगळी एकसारखी, आणि पाळी संपवून पेंगत घरी येणारे बाप्ये दुसऱ्याच घरात जाऊन जेवायला बसायचे. गार हवेचं थिएटर आलं. दुपारी बायका तिकीट काढून तिथे झोपायला जायच्या. आणि चहूकडे ते पंप, खाली वाकतायत, वर येतायत, दिवसभर, रात्रभर, कुणी बघत नसलं तरी.

लांबडीच्या काचा रंगीत होत्या. त्यांतून बाहेरचं ऊन चहाच्या रंगाचं दिसायचं, आणि गाडी कधी वीसच्या वर जायची नाही, त्यामुळे गाव खिडकीतून अगदी सावकाश वाहत जायचं. लहानपणी मी त्या लांब सीटवर झोपून जायचे. मधेच जाग आली की विचारायचे, "मामा, किती नंबर?" पुढून आवाज यायचा, "पाच." मग मी परत झोपायचे. त्यामुळे गावाच्या इतिहासातलं ऐकलेलं किती आणि स्वप्नात पाहिलेलं किती, हे मला आजही नीट सांगता येत नाही. सहा खुर्च्यांचा न्हावी मी पाहिलाय, असं मी शपथेवर सांगेन, आणि तो तर मी जन्मायच्या आधीच गेला.

सात नंबर आला की मामा गाडी आणखी हळू करायचा. तिथे मोठा गोल वळसा होता आणि मधोमध ती विहीर, आता सिमेंटने बुजवलेली. सात नंबरला आग लागली होती. अकरा दिवस जळत होती. अकरा दिवस गावात रात्र झालीच नाही, मामा सांगायचा. कोंबड्या झोपेनात. दोरीवरचे कपडे केव्हाही वाळायचे. पोरं खेळायची थांबेनात, कारण अंधार पडला की घरी या असं आयांनी सांगून ठेवलेलं आणि अंधार तर पडेना. एक फिटर त्या आगीत गेला. आणि ही आग लागली कशी? इथे मामाचा आवाज बदलायचा. एक इंजिनियर होता, गॉगलवाला. विहिरीतला दाब दाखवणारा जो काटा, तो लाल रेघेवर गेला की मोठं चाक फिरवून झडप बंद करायची, एवढंच काम. त्याने काटा वर चढताना पाहिला आणि जीपमध्ये बसून धूम ठोकली. सुटकेस आधीच भरलेली होती! मागे बसलेले लोक "अरेरे" म्हणायचे. निरोप समारंभाची मुलं तर गॉगलवाल्याला शिव्याही घालायची. इतिहासातलं त्यांना एवढंच लक्षात राहायचं.

आणि त्या अकरा दिवसांत आगीशी लढला कोण? माझे आजोबा, मामाचे वडील. त्यांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. निवृत्त कामगारांच्या हॉलमध्ये त्यांचा मोठा फोटो होता आणि मामा प्रत्येक फेरीत तो आवर्जून सांगायचा.

एका वर्षी थंडीत एका बाईंचा फोन आला. आवाजावरून साठीच्या पुढच्या. मला गाडी पूर्ण फेरीसाठी हवी, म्हणाल्या, समारंभ वगैरे काही नाही, मी एकटीच आहे. मी तारीख लिहून घेतली आणि सवयीने विचारलं, "खास काही बघायचंय का?"

"सात नंबर," त्या म्हणाल्या. "माझे वडील तिथे इंजिनियर होते. आगीनंतर आम्ही गाव सोडलं, मी तेव्हा पाच वर्षांची होते."

मी फोन ठेवला आणि खरं सांगते, मला आधी हसूच आलं. म्हटलं, मामा, आता तुझी बोबडी वळणार. तो अंगणात गाडी धूत होता. मी जाऊन सांगितलं, "गॉगलवाल्याची मुलगी येतेय. जरा जपून बोल, सुटकेसबिटकेस काढू नकोस."

मामाने हातातला फडका बादलीत टाकला आणि गाडीच्या पुढच्या बंपरवर बसला. त्या बंपरवर तो मुलांनाही बसू द्यायचा नाही.

"त्यांनी गॉगल कधी घातलाच नव्हता," तो म्हणाला.

"मग?"

"मीच घातला. आणि सुटकेसही माझीच."

मग त्याने सांगितलं. काट्यावर त्या दिवशी आजोबा होते. त्यांची पाळी संपली होती, पण बदलीचा माणूस आला नाही, म्हणून इंजिनियर त्यांना म्हणाले, अजून एक पाळी काढ. सोळा तास डोळ्यांत तेल घालून काट्याकडे बघायचं. तेराव्या तासाला आजोबांना स्टुलावर बसल्या बसल्या डुलकी लागली. एवढंच. जाग आली ती आवाजाने. चौकशीत इंजिनियर म्हणाले, त्याला मी घरी पाठवलं होतं, काट्यावर मी स्वतः बसलो होतो, मलाच झोप लागली. कंपनीने त्यांना काढून टाकलं. आठवड्याभरात ते बायको-मुलीला घेऊन गेले आणि गाव म्हणालं, पळाला. हे सगळं आजोबांनी मरायच्या आधी मामाला सांगितलं होतं.

"म्हणजे तुला माहीत होतं," मी म्हटलं. "माहीत असून तू दर फेरीला..."

"लोक विचारायचे ना, कुणामुळे झालं म्हणून! गाव जे म्हणत होतं तेच मी म्हणालो. मग त्याला दर वर्षी थोडं तिखटमीठ लागत गेलं." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "काय सांगायला हवं होतं? माझ्या बापाने फिटरचा जीव घेतला असं? लग्नाच्या गाडीत?"

मला त्याचा भयंकर राग आला. ज्या माणसाच्या सीटवर मी झोपून मोठी झाले त्याचा मला इतका राग कधी आला नव्हता. मी म्हटलं, "त्या बाईंना सांग." तो म्हणाला, "आणि हॉलमधला फोटो? माझ्या वडिलांचं नाव?" मी म्हटलं, "ते तू बघ. पण तू सांगितलं नाहीस तर मी पुन्हा दार उघडायला येणार नाही." त्याने फडका पिळला आणि उरलेली गाडी पुसून काढली. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

बाई सकाळी दहाला आल्या. लहानखुऱ्या, साध्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. एवढ्या लांब गाडीत लोक मागच्या टोकाला रुबाबात बसतात, पण त्या सरकत सरकत अगदी पुढे, मामाच्या पाठीमागच्या काचेपाशी येऊन बसल्या. काच त्यांनी स्वतःच बाजूला सारली. "मला नीट ऐकायचंय," म्हणाल्या.

मामाने सुरुवात केली. एक नंबर, म्हातारी, बादली. दोन नंबर, तंबू. बाई हसल्या, चुकीच्या घरात जेवणाऱ्यांना तर खूप हसल्या. "आमच्याकडेही एक जण येऊन बसला होता," त्या म्हणाल्या, "आईने वाढलं त्याला. पोट भरल्यावर त्याच्या लक्षात आलं." धुक्यातून पंप वर यायचे आणि परत धुक्यात जायचे. एकही चालू नव्हता, पण गाडी हलत होती म्हणून तेच हलताहेत असं वाटायचं. बाई काचेला नाक लावून बघत होत्या आणि मला वाटलं, ही पाच वर्षांची मुलगीच आहे, हिला कुणीतरी साठ वर्षं झोपू दिलंय.

पाच नंबरला मामा अडखळला. सहा नंबरला त्याने न्हाव्याची गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली. मग सात नंबरच्या आधी, जिथे सरळ जायचं, तिथे त्याने गाडी डावीकडे घातली.

मी ओरडले, "मामा, इथे नाही!"

पाइपांच्या गोदामामागची ती गल्ली. नऊ वळणांतलं हे नव्हे. इतक्या वर्षांत लांबडीने कधी चुकीचं वळण घेतलं नव्हतं, आणि आता तिचं नाक गोदामाच्या भिंतीला टेकलं होतं आणि शेपूट विजेच्या खांबाला. मामाने पुढे घेतली, मागे घेतली, पुन्हा पुढे. कर्रकन आवाज झाला. मग त्याने इंजिन बंद केलं. 

"असू दे हो," बाई म्हणाल्या, "मला घाई नाही. सात नंबर इथून किती लांब?"

"या भिंतीच्या पलीकडे," मामा म्हणाला.

तो उतरला. मी दार उघडलं, तर तो आत शिरला आणि बाईंच्या समोर बसला. स्वतःच्या गाडीत तो कधी मागे बसलेला मी पाहिला नव्हता. त्याला पाय कुठे ठेवावेत कळेना. मी दार धरून बाहेर उभी राहिले. आणि त्याने, मला अंगणात सांगितलं तसंच, एकही शब्द न गाळता सांगितलं. आजोबा, सोळा तास, डुलकी. चौकशीत इंजिनियर काय म्हणाले. आणि मग स्वतःचंही सांगितलं, गॉगल, जीप, सुटकेस, सगळं.

 मला वाटलं, बाई रडतील, नाहीतर मामाच्या थोबाडीत मारतील. मारली असती तर मी मधे पडले नसते.

"ते आम्हालाही तेच सांगायचे," त्या म्हणाल्या. "मला झोप लागली म्हणून. आई त्यावरून त्यांना आयुष्यभर बोलली. आणि मी... गॅसवर दूध ठेवलेलं असलं आणि ते जवळ उभे असले की मी म्हणायचे, लक्ष आहे ना बाबा, का लागली डुलकी? एकदा तर पाहुण्यांसमोरही मी तसं म्हणाले. सगळे हसले. तेही हसले."

मामाने मान खाली घातली.

"मी त्यांना माफ करायला आले होते हो," बाई म्हणाल्या. "म्हटलं, जागा बघावी आणि करून टाकावं माफ. आता मी काय करू?"

मामा सीटच्या कव्हराची शिवण बोटाने चाचपत राहिला. 

"ते जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"होतं."

"माझा पत्ता शोधता आला असता."

"आला असता," मामा म्हणाला. "माझं चुकलं." त्यावर बाई असू दे म्हणाल्या नाहीत. मला ते बरं वाटलं. असू दे म्हणण्यासारखं ते नव्हतंच.

गोदामाचा रखवालदार आला, गाडीकडे बघून त्याने कपाळावर हात मारला. मग आणखी चार माणसं गोळा झाली आणि त्यांनी गोदामाचं फाटक बिजागऱ्यांतून उचलून बाजूला ठेवलं. तेवढ्या फटीत नाक घालून मामाने इंच इंच करत लांबडी बाहेर काढली. पांढऱ्या रंगावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओरखडा उठला होता. त्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो म्हणाला, "फेरी इथेच थांबवू. मी तुम्हाला स्टेशनवर सोडतो."

"नाही," बाई म्हणाल्या. "सात नंबरला चला. आणि सगळ्यांना सांगता तसं सांगा, त्या माइकवरून. मला ते गाडीत ऐकायचंय. फक्त खरं सांगा."

पुढच्याच आठवड्यात मामा स्वतः हॉलमध्ये गेला, सगळ्यांना बसवून हेच बोलला आणि आजोबांचा फोटो खिळ्यावरून काढून घरी घेऊन आला. निवृत्त कामगारांपैकी काहींनी त्याच्याशी बोलणं टाकलं. पण ते नंतरचं. त्या सकाळी आम्ही वळशावर पोचलो तेव्हा धुकं विरलं होतं आणि उन्हात बुजवलेल्या विहिरीचं सिमेंट दिसत होतं, त्यावर गवत. मामाने गाडी हळू केली, माइक हातात घेतला. 

"ही सात नंबर," तो म्हणाला. "इथे अकरा दिवस आग होती. काट्यावर माझे वडील होते. त्यांना झोप लागली. इंजिनियरसाहेबांनी ते स्वतःवर घेतलं." मग तो थांबला. पुढचं तो मलाही बोलला नव्हता. "माझे वडील त्यांच्या पाया पडायला गेले. म्हणाले, साहेब, असं करू नका. तर साहेब म्हणाले, तुला चार पोरं आहेत. मला एकच मुलगी आहे, ती मोठी झाली की समजून घेईल."

वळसा संपला. पुढे आठ नंबरचा रस्ता लागत होता. मागून बाईंचा आवाज आला, इतका बारीक की मला आधी कळलंच नाही.

"पुन्हा सांगा."

मामाने आठ नंबरचा रस्ता सोडला आणि वळसा पुन्हा घेतला. ही सात नंबर, तो म्हणाला, आणि शेवटच्या वाक्यापर्यंत सांगितलं. बाईंनी काचेवर हात टेकला होता, डोळे मिटलेले.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.